औटकीचा पाढा आणि जर्मनीतली भांडी

पुण्यात जर्मन शिकायला जागा कमी नाहीत. बोट क्लब रस्त्यावर मॅक्समुल्लर भवन, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट, आणि उरलेल्या गल्ल्यांत कुणा ना कुणा काकूंचा क्लास. ए-वन या पहिल्या पातळीच्या परीक्षेत १०० पैकी ६० गुण मिळाले की पास. मग पोरं चार वाक्यं खणखणीत म्हणतात: माझं नाव अमुक, मी पुण्याहून आलो, मला पोहायला आवडतं, आज हवा छान आहे. या भांडवलावर जर्मनीत मास्टर्सला जायचं, तिकडे पैसे आटायला लागले की एखाद्या हॉटेलच्या मागच्या दारी काम मागायला उभं राहायचं. पोहायला आवडतं का, हे तिथे कुणी विचारत नाही. भांडी घासता येतात का, हे विचारतात, आणि ते वाक्य कुठल्याच क्लासच्या पहिल्या पुस्तकात नसतं.

भाषा न येता मिळणारी कामं ठरलेली आहेत. हॉटेलातली भांडी, खोल्यांची साफसफाई, गोदामात माल उचलून ठेवणं, नोव्हेंबर संपता संपता भरणाऱ्या नाताळच्या बाजारातली मदत. शेतात शतावरीची, म्हणजे अ‍ॅस्परॅगस या भाजीची, काढणीही असते, पण ती २४ जूनला रिवाजाने संपते आणि तोवर कंबरही संपलेली असते.

अर्जासोबत ‘लेबन्सलाउफ’, म्हणजे आपल्या माहितीचा कागद, द्यायचा. हा आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडाटाचा सख्खा भाऊ. कोपऱ्यात फोटो, जन्मतारीख, जन्मगाव, शेवटी छंद. फोटो सक्तीचा नाही, पण अजूनही पुष्कळ जण लावतात. रास आणि नाडी तेवढी लिहू नये.

आता कागदपत्रं. विद्यार्थी व्हिसावर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत. मालक “अजून अर्धा तास थांब” म्हणाला आणि आपण संकोचाने थांबलो, तर त्या अर्ध्या तासात अख्खा दिवस खर्ची पडतो. छोट्या कामाला तिकडे ‘मिनिजॉब’ म्हणतात. २०२६ मध्ये त्याची मर्यादा महिन्याला ६०३ युरो आणि किमान मजुरी ताशी १३.९० युरो. भागाकार केला की महिन्याचे जेमतेम ४३ तास होतात. “कागद नको, रोख देतो” म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी, कारण बोट कापलं तर विमा नाही आणि तपासणी आली तर व्हिसा धोक्यात.

कर क्रमांक पोस्टाने येतो, तोही पत्रपेटीवर तुमचं नाव असेल तरच. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तो शेजारी विचारत नाही, वॉचमनकडे ठेवत नाही, खालून हाकही मारत नाही. म्हणून घराची किल्ली मिळाली की आधी पेटीवर चिकटपट्टी, मग दूध-साखर. अन्नाजवळचं काम असेल तर आरोग्य खात्याचा स्वच्छतेचा दाखलाही लागतो. काही उत्साही मंडळी पोचल्या पोचल्या तो काढतात, काम मिळतं चौथ्या महिन्यात, आणि पहिल्या कामाच्या सुरुवातीला दाखला तीन महिन्यांहून जुना चालत नाही. पुन्हा रांग, पुन्हा पैसे.

फोनवर नाव सांगणं हे स्वतंत्र प्रकरण आहे. आपटे आडनावाचा माणूस इंग्रजीच्या सवयीने “ए, पी, टी, ई” म्हणतो. जर्मन कानाला ‘ए’ म्हणजे E हे अक्षर आणि ‘ई’ म्हणजे I हे अक्षर. पलीकडचा माणूस शांतपणे ‘एप्टी’ लिहून घेतो आणि कामाचं पत्र या जगात नसलेल्या एप्टीला जातं. जोशींना तर समोर उभं असतानाही कुणी बोलावत नाही. “योशी!” अशी हाक येते आणि आपले जोशीबुवा योशी कोण म्हणून मागे वळून बघतात.

पण मला खरा राग आहे तो आकड्यांचा, आणि तो जर्मनांवर नाही, आपल्यावर. जर्मन लोक ३७ ला ‘सात आणि तीस’ म्हणतात. इंग्रजी माध्यमाची मुलं सात ऐकलं की सात लिहून टाकतात आणि मग तीनला जागा शोधतात. अरे, सदतीस हे दुसरं काय आहे? आधी सात, मग तीस! सदतीस ऐकताना जसं अख्खं ऐकतो, तसं ऐकायचं की झालं. पण सदतीस म्हणजे थर्टी सेव्हन ना, असं विचारणाऱ्याला हे कोण सांगणार? २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ आणि बावीसला ‘वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. संस्कृती बुडाली की नाही ते माहीत नाही. जर्मन फोन नंबर मात्र नक्की बुडाले.

घड्याळाचं प्रकरण याहून सुरस. जर्मनमध्ये दीड वाजले हे ‘हाल्प त्स्वाय’, म्हणजे अर्धा दोन. अडीच म्हणजे ‘हाल्प द्राय’, अर्धा तीन. इंग्रजीवाले इथे गडबडतात. आपण गडबडायचं कारण नाही, कारण अडीच हा शब्दच मुळी अर्धतृतीय या संस्कृत शब्दावरून आला. दोन पूर्ण, तिसरा अर्धा. दीडचंही तेच. इथवर मराठी माणूस जर्मनांचा मावसभाऊ आहे. घात होतो पुढे. ‘हाल्प फीअर’ म्हणजे साडेतीन, पण आपण चार ऐकतो, अर्धा ऐकतो आणि साडेचारला हसत हसत पोचतो. एक तास उशीर, तोही पहिल्या दिवशी. पूर्वी साडेतीनला मराठीत ‘औट’ म्हणत, अर्धाचौथा. पावकी, निमकी, पाउणकीच्या पंगतीत औटकीचा पाढा घोकून घेत. तो पाठ असलेल्या पणजोबांना जर्मनीत एकदाही उशीर झाला नसता. ड्रेस्डेनकडे तर सव्वातीनला ‘पाव चार’ म्हणतात. यावर उपाय एकच, वेळ लिहून घ्यायची. कागदावर ते १५:३० असं लिहितात आणि तिथे वाद मिटतो.

स्वयंपाकघरात शब्द थोडे लागतात, पण चुकायला नकोत. ‘हाइस’ म्हणजे गरम. ‘शार्फ’ म्हणजे तिखटही आणि धारदारही, त्यामुळे पाठीमागून कुणी “शार्फ!” ओरडलं तर रश्श्याची चव घ्यायला वळू नये, सुरी घेऊन कुणीतरी जात असतं. ‘शेफ’ म्हणजे मालक, स्वयंपाक करणारा तो ‘कोख’. शेफ कुठे आहेत म्हणून सहज विचारलं की मालक बाहेर येतात आणि तक्रार काय आहे ते विचारतात. साबणाच्या कॅनवर ‘गिफ्ट’ लिहिलं असेल तर घरी आणू नये. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष.

भांडी घासायच्या यंत्राचा ट्रे ५० बाय ५० सेंटिमीटरचा असतो. खरकटं आधी फवाऱ्याने उडवायचं आणि ताटल्या तिरप्या लावायच्या. एकावर एक झोपवल्या तर मधली कोरडीच बाहेर येते, आणि ती नेमकी मालकाच्या हाताला लागते. न समजता ‘या, या’, म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवणं सगळ्यात वाईट. आपली मान तर हो म्हणते की नाही, हे आपल्यालाच धड ठाऊक नसतं. त्यापेक्षा ‘त्साइग मिअर, बिटऽ’ म्हणावं, दाखव जरा. व्याकरणाच्या तीन पुस्तकांपेक्षा या तीन शब्दांनी जास्त पगार मिळवून दिलेला आहे.

सहा तासांहून जास्त काम असेल तर अर्धा तास सुट्टी कायद्याने मिळते. त्या सुमारास बोळातून जाणारा प्रत्येक जण ‘मालत्साइट’ म्हणतो. शब्दशः जेवणवेळ. ते जेवायला बोलावत नसतात, आपल्या डब्यात काय आहे हेही विचारत नसतात. उत्तरादाखल आपणही ‘मालत्साइट’ म्हणायचं आणि पुढे जायचं, डबा घरी विसरला असला तरी.