मला माहीतच होतं!

विमा कंपनीच्या पत्रात 'खेद' हा शब्द तीनदा आला होता. आपल्यासाठी कुणीतरी इतकं हळहळतंय हे वाचून मला आधी बरंच वाटलं. पान उलटल्यावर कळलं, दावा नामंजूर झालाय.

प्रकरण तसं साधं होतं. पुस्तकांसाठी भिंतीवर एक फळी लावायची होती. सुतार बोलवावा का, यावर घरात चर्चा झाली; म्हणजे बायको 'बोलवा' म्हणाली आणि मी ड्रिल मशीन बाहेर काढलं. सहा वर्षांपूर्वी घेतलेलं हे मशीन तोवर फक्त पाहुण्यांना दाखवण्याच्या कामी आलं होतं. मी पेन्सिलने दोन खुणा केल्या, मोबाइलवर पातळी तपासली, शास्त्रोक्त चष्माबिष्मा लावला आणि स्टुलावर चढलो. पहिलं भोक इतकं देखणं पडलं की गिट्टी ठोकून मी मिनिटभर नुसता बघत राहिलो. दुसऱ्या भोकात बिट जरा अडल्यासारखं झालं, मी जोर लावला आणि ते भसकन आत गेलं. भिंतीतून आधी लालसर चिखलाचा ओघळ आला. मग नुसतं पाणी, सरळ रेषेत, माझ्या चष्म्यावर.

मशीन टाकून मी भोकात बोट घातलं. बोट घालून उभ्या असलेल्या माणसाला मेन कॉक बंद करायला जाता येत नाही, हे त्यानंतर लक्षात आलं. कॉक कुठे आहे हे मला तसंही माहीत नव्हतं. बायकोने तो सिंकखालच्या डब्यांमागून शोधून काढेपर्यंत बोटाच्या कडेने उडणाऱ्या कारंज्याने टीव्ही न्हाला होता आणि लाकडी फरशीच्या पट्ट्या पाणी पिऊन टम्म फुगायला लागल्या होत्या.

कॉक बंद करून ती दारात आली, सगळीकडे एक नजर फिरवली आणि म्हणाली, "मला माहीतच होतं."

हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे ते फाइलला लागलं.

पॉलिसी घेताना मी जादा हप्ता भरून 'अपघाती नुकसान' हे कलम मुद्दाम जोडून घेतलं होतं, त्यामुळे फोन फिरवताना मी निर्धास्त होतो. पलीकडून प्रश्न आला, "भोक तुम्ही मुद्दाम पाडलंत का?"

"हो, म्हणजे भोक मुद्दाम. पाइप चुकून."

"पण सर, पाइप भोकातच होता ना?"

यावर मला आजही नीट उत्तर सुचलेलं नाही.

चार दिवसांनी सर्व्हेअर आले. शांत, मितभाषी गृहस्थ. ओल मोजायचं यंत्र भिंतीला टेकवत ते खोलीभर फिरले, खिडकीखालच्या एका जुन्या पोपड्याचा त्यांनी जवळून फोटो घेतला. मग वहीतून डोकं वर न काढता त्यांनी बायकोला विचारलं, "मॅडम, असं काही होईल असं वाटलं होतं का तुम्हाला?"

"वाटलं होतं म्हणजे? सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होते. यांनी हातात हत्यार घेतलं की काहीतरी होतंच." एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिला ऐकणारा मिळाला होता, तोही लिहून घेणारा. मग पडद्याचा दांडा निघाला, दारावरची बेल निघाली, कपाटाची बिजागरी निघाली. मी मागून खाणाखुणा करत होतो, तिला वाटलं मला उचकी लागलीय.

नामंजुरीच्या पत्रात तीन कारणं होती. पहिलं, भिंतीत आधीपासून ओल आहे, म्हणजे नुकसान हळूहळू झिरपून झालेलं आहे. दुसरं, सदोष कारागिरी. तिसरं कारण मी इथे जसंच्या तसं देतो: 'विमाधारकाच्या पत्नीच्या कथनानुसार सदर घटना अनपेक्षित नव्हती.'

मग आयुष्यात पहिल्यांदा मी पॉलिसी वाचली. काय मिळेल हे दीड पानात आणि काय मिळणार नाही हे पुढच्या अकरा पानांत. झीज, गंज, बुरशी, वाळवी, पाळीव प्राण्यांचे ओरखडे. वाचता वाचता आपण अशा घरात राहतो तरी कसे, असं वाटायला लागतं. अपघाताची व्याख्या मात्र सुटसुटीत: अचानक, अनपेक्षित आणि हेतू नसताना झालेलं नुकसान. शिवाय विमाधारकाने वाजवी काळजी घेतलेली हवी. म्हणजे माणूस मूर्ख हवा, पण बेताचा. फार शहाणा ठरलात तर मुद्दाम केलंत, फार मूर्ख ठरलात तर घोर निष्काळजीपणा. या दोहोंच्या मधली चिंचोळी पट्टी म्हणजे विमासंरक्षण, आणि आपण बरोबर त्या पट्टीवर उभे होतो हे पुराव्यानिशी दाखवायचं.

रात्री जागून मी विम्याचा कायदा वाचायला लागलो. त्यात 'निकटतम कारण' नावाचं एक तत्त्व सापडलं. नुकसानीला अनेक कारणं असली तर काळाने शेवटचं नव्हे, परिणामाने जे खरं कारण ते धरायचं. 'इकारिया' नावाच्या जहाजाला 1915 साली पाणतीराचा तडाखा बसला. तरी ते कसंबसं बंदरात पोहोचलं, तिथे वादळ आलं म्हणून त्याला बाहेरच्या धक्क्यावर हलवलं, आणि ओहोटीला तळ टेकत टेकत ते शेवटी बुडालं. बुडवलं कुणी, समुद्राने की पाणतीराने? 1918 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: पाणतीराने. मी अंथरुणातच उठून बसलो. माझं ड्रिल म्हणजे पाणतीर, खिडकीखालचा पोपडा म्हणजे नुसत्या लाटा! बायकोला उठवून सगळं सांगितलं.

"मग जहाजवाल्यांना पैसे मिळाले का?" तिने डोळे न उघडता विचारलं.

पुढे वाचलं. मिळाले नव्हते. त्यांच्या पॉलिसीत युद्धाचे परिणाम वगळलेले होते.

पण त्या जागरणात दोन गोष्टी हाती लागल्या. एक, पॉलिसीतला शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, असा या कायद्यातला जुना दंडक आहे. दुसरी जास्त कामाची. नुकसान संरक्षणात बसतं एवढं मी दाखवायचं; ते वगळलेल्या बाबींत मोडतं असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याचं ओझं सर्वसाधारणपणे कंपनीवर. इतके दिवस मी ते स्वतःच्याच डोक्यावर घेऊन फिरत होतो.

मी प्लंबरला गाठलं. त्याने पाइपाचा कापलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. बाकी पाइप नव्यासारखा, मधोमध 8 मिलिमीटरचं गोल गरगरीत भोक, कडेला बिटाने काढलेली तांब्याची चकचकीत गुंडाळी. त्याने कागदावर लिहून दिलं की असं भोक झिरपून पडत नाही. आणि हेही की नळाचा पाइप सहसा नळाच्या सरळ वर जातो. इथे तो बसवणाऱ्याने तिरका नेलाय, तो तिथे असेल हे कुणालाही कळणं शक्य नव्हतं. कारागिरी सदोष होती खरी, पण माझी नव्हे. हा कागद मी लॅमिनेट करून घेणार होतो.

उरलं तिसरं कारण. ते घरातच होतं.

"एवढंच लिहून दे, की तुला काही कल्पना नव्हती."

"मी खोटं लिहून देणार नाही."

"अगं, नुसता एक शब्द..."

"अहो, मला माहीतच होतं. मी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

वीस वर्षांत एकदा तरी तिचं म्हणणं सरकारी छापाच्या कागदावर नोंदलं गेलं होतं. ते ती मागे घेणार नव्हती. दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी मला सुचलं, आपण तिला नेमका प्रश्न विचारलेलाच नाही.

"तुला नक्की काय होईल असं वाटलं होतं?"

"तुम्ही स्टुलावरून पडाल."

"आणि पाइप?"

"पाइपाचं कुठलं? भिंतीपर्यंत तुम्ही पोहोचाल असंच वाटलं नव्हतं."

हे तिने स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, खाली सही, तारीख. पाइपाचा तुकडा, प्लंबरचा कागद, वेळ उमटलेले फोटो आणि हे निवेदन असं सगळं मी कंपनीच्या तक्रार कक्षाला पाठवलं. पत्रात शेवटी अदबीने लिहिलं, की लेखी कारणांसह उत्तर मिळावं, म्हणजे विमा लोकपालांकडे जाताना सोबत जोडता येईल. या एका वाक्याने जे काम झालं ते पाणतीराने झालं नसतं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. या वेळी 'खेद' एकदाच, तोही वजावटीबद्दल. फरशीचे पैसे मिळाले. टीव्हीचे घसारा वजा जाता जे मिळाले, त्यावरून आमचा टीव्ही हयातीतच पुराणवस्तू झाला होता हे समजलं.

फळी लावायला परवा सुतार आला. त्याने बिट भिंतीला टेकवलं तेव्हा मला बाहेरच्या खोलीत बसवलेलं होतं. बायको स्वयंपाकघरात ओणवी होती, हात कॉकवर.

"काही होणार नाही, बाई," सुतार म्हणाला.

"ते माहितीय मला," ती म्हणाली. हात मात्र तिने काढला नाही.