सुभेदाराच्या शोधात

आमच्या काकांनी रिटायर झाल्यावर दोन गोष्टी सुरू केल्या, एक सकाळचं फिरणं, ते आठ दिवसांत बंद पडलं, आणि दुसरा घराण्याचा इतिहास, तो काही बंद पडायला तयार नाही. झालं काय, जुन्या पेटीत एक मोडी कागद सापडला. त्यात पणजोबांचं नाव आणि त्याच्या पुढचा शब्द अर्धा वाळवीनं खाल्लेला, मागं उरलं फक्त "दार". काकांना मोडीची चार अक्षरं येतात, त्या चार अक्षरांच्या जोरावर त्यांनी जागच्या जागी "सुभेदार" ठरवून टाकलं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं इथं ज्याच्या पणजोबाला मिशी होती तो सुभेदारच असतो. फॅमिली ग्रुपचं नाव त्याच रात्री बदललं आणि पुरावे जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात स्कूटर फक्त माझ्याकडं.

पहिल्यांदा आज्जीला विचारलं. आज्जीचं कॅलेंडर वेगळं असतंय, त्यात सन नसतात. पणजोबा प्लेगाच्या आधी जन्मले, मानमोडीच्या साथीत वाचले, आणि गांधी बेळगावात आले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आमचे आजोबा जन्मले. गांधी आले म्हणजे 1924 चं काँग्रेस अधिवेशन, टिळकवाडीतलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच. आता ह्यात एक गंमत सांगतो, बेळगाव तालुक्यात कुणालाही विचारा, त्याच्या पणजोबानं त्या अधिवेशनात गांधीजींना तांब्याभर पाणी दिलेलं असतंय, एवढं पाणी ते खरंच प्याले असते तर भाषण झालंच नसतं. आमच्या पणजोबांनी पण दिलं काय म्हणून विचारलं तर आज्जी म्हणाली, "छ्या, तो घरात कुणाला द्यायचा नाही, गांधीला काय देतोय." हे मी काकांना सांगितलं नाही.

मग कचेरी. तिथं उतारा मिळतो पण कन्नडात, आणि माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं. खिडकीतल्या माणसानं कुठल्या सालचं पायजे विचारलं, मी म्हटलं जुनं. तो म्हणाला जुनं म्हणजे मुंबईचं का म्हैसूरचं? बरोबर आहे की त्याचं. 1956 पर्यंत आम्ही मुंबईत, मग म्हैसूर राज्यात, 1973 ला कर्नाटकात, 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं, आणि एवढा प्रवास करून घर आपलं जुन्या चिंचेखालीच. बरं, नावाला शेपट्या किती! मोडीत पणजोबांच्या नावाला "जी" लावलेला, कन्नड उताऱ्यात "आप्पा", आणि एका इंग्रजी कागदावर स्पेलिंग असं की ते बाईचं नाव वाटतंय. म्हणजे एकाच शेताचे तीन मालक, त्यात एक बाई. काकांनी ग्रुपवर टाकलं की सुभेदारांना आणखी दोन भाऊ होते असं संशोधनातून पुढं येत आहे.

तीन खेपा झाल्या. दर खेपेला गल्लीच्या तोंडाशी चहावाला विचारणार, "काय शोधूलालास बा?" मी म्हणायचो पणजोबा, तो म्हणायचा, "हरवल्यात काय?"

शेवटी मोडी वाचणारे एक म्हातारे मास्तर मिळाले. मोडी म्हणजे कसं, आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग दोरीवर धुणं वाळत घातल्यागत खाली अक्षरं लटकवायची, दोन शब्दांत फट नाही, ऱ्हस्व दीर्घाचा पत्ता नाही, बोरूनं भराभर लिहायचं म्हणून सगळी सोय, वाचणाऱ्याची नाही. मास्तरांनी कागद उजेडाला धरला, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला, आणि बोट ठेवून म्हणाले, "हे दार आहे ते खरं. पण पुढच्या ओळीत रक्कम आणि व्याज आहे बघा." मग दोन मिनिटं गप्प. मग हळूच, "देणेदार."

काकांनी दोन दिवस जेवण कमी केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मास्तरांची नजर आता राहिली नाही, हेळवी येऊदे, त्याच्याकडं खरं निघतंय.

हेळवी ठाऊक नसतील त्यांच्यासाठी, ही आमच्याकडची चालतीबोलती वंशावळ. सुगी झाली की दारात येऊन घंटा वाजवतात आणि तुमच्या सात पिढ्या घडाघडा म्हणतात, कोण कुठल्या गावातून आला, कुणाला किती पोरं, कोण दत्तक गेला. पूर्वी बैलावर बसून यायचे. आमचा मोटरसायकलवर आला, पण घंटा होती. कट्ट्यावर बसला, पिशवीतनं लाल कापडात बांधलेली वही काढली आणि सुरू झाला. मूळपुरुष, त्याची पोरं, मग त्यांची, आणि पणजोबांच्या नावाला येऊन थांबला. काका पुढं सरकले. आज्जी पण उंबऱ्यात येऊन बसली.

"ह्यांचं एक वासरू बाकी ऐत्री," हेळवी म्हणाला.

त्याच्या आज्ज्याच्या वेळचं लिहिलेलं होतं म्हणे. पोरगा झाल्याच्या आनंदात पणजोबांनी हेळव्याला वासरू कबूल केलं, पुढच्या वर्षी या म्हणाले, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. आज्जी पदर तोंडाला लावून हसूलाली होती.

काकांनी घासाघीस चालू केली, आमच्याकडं गोठाच नाही, वासरू कुठनं आणू, शिवाय शंभर वर्षांनी असली बाकी निघते होय? शेवटी दोन हजारावर तुटलं. काकांनी पाकीट उघडलं, त्यात पाचशेची एकच नोट, उरलेलं पुढच्या वर्षी देतो म्हणाले.

हेळव्यानं मान डोलवली, पेनाचं टोपण काढलं आणि काकांचं नाव लिहून पुढं बाकी पंधराशे घातली. साक्षीला कोण म्हणून माझं नाव विचारलं. तेही लिहिलं, आप्पा लावून.