धक्का कसा आहे ते ओहोटीला जाऊन बघा

बोट लागते त्या कुठल्याही जागेला आपण जेट्टी म्हणून मोकळे होतो. बोलण्यापुरतं चालतं, पण या जागा एकसारख्या नसतात आणि तो फरक सगळ्यात आधी कळतो गुडघे दुखणाऱ्या माणसाला.

धक्का म्हणजे काठाला धरून बांधलेली भरीव भिंत. मागे भराव, पुढे खोल पाणी, आणि बोट तिला अंग लावून उभी राहते. पिअर खांबांवर पुढे समुद्रात जातो, त्याच्याखालून पाणी आणि वाळू वाहती राहते. हेच बांधकाम दगड टाकून भरीव केलं की किनाऱ्यालगत सरकणारी वाळू अडते, एका बाजूला पुळण वाढते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खचत जातो. गोदीची गोष्ट निराळी. भरती-ओहोटीत फार फरक असेल तिथे गोदीला दरवाजे लावून पाणी आत धरून ठेवतात. लिव्हरपूलला 1715 मध्ये व्यापारी जहाजांसाठी अशी गोदी सुरू झाली, कारण उधाणाला तिथलं पाणी सुमारे 10 मीटर चढतं-उतरतं. इंग्लंडमधल्याच साउथएंडला ओहोटीला पाणी दीड-दोन किलोमीटर मागे हटतं, म्हणून तिथला पिअर 2 किलोमीटरहून लांब आहे. मेक्सिकोत प्रोग्रेसोचा तर साडेसहा किलोमीटर, कारण तिथला समुद्र दूरवर उथळच.

म्हणजे पाणी किती हलतं आणि किती खोल आहे, यावरून बांधकाम ठरायला हवं. मालासाठी हा विचार शेकडो वर्षं नीट झाला. माणसांच्या बाबतीत तो अजूनही अर्धवट होतो, याचा मला खरंच राग येतो.

स्थिर धक्का भरतीला छान दिसतो. बोटीचा काठ आणि धक्का एका पातळीत, लहान मूलही उतरेल. तोच धक्का सुकतीला बघा. बोट कित्येक हात खाली गेलेली असते. भरतीत बुडणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, कडेला कालवांच्या धारदार कडा. कठडा बहुतेक वेळा वरच्या चार पायऱ्यांपुरताच. बोट लाटेबरोबर टायरांवर घासत वरखाली होते, आणि ती वर आली की त्या क्षणाला पाय टाकायचा. अनुभवी खलाशी तेव्हा हाताचा पंजा धरत नाही, कोपराच्या वर दंड धरतो, कारण ओला पंजा निसटतो. त्याच्या त्या पकडीवर रोज किती म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि काखेत पोर घेतलेल्या आया सुखरूप उतरतात! पण माणसाच्या पकडीवर बंदराची व्यवस्था चालू नये.

यावर उपाय जुना आहे. लिव्हरपूलला एकोणिसाव्या शतकातच प्रवाशांसाठी तरंगते धक्के आले. असा तरंगता धक्का, म्हणजे पाँटून, उभ्या खांबांना कड्यांनी अडकवलेला असतो आणि पाण्याबरोबर चढतो-उतरतो, त्यामुळे बोट आणि त्याच्यातली उंची जवळजवळ तीच राहते. काठापासून पाँटूनपर्यंत बिजागरीवरचा पूल टाकतात. खरी मेख इथे आहे. व्हीलचेअरसाठी 12 फुटांत 1 फूट एवढाच उतार सोयीचा मानतात, म्हणजे पाणी 5 मीटर उतरत असेल तर पूल 60 मीटर लांब हवा. अमेरिकेच्या नियमांत मोठ्या ठिकाणी पूल 80 फूट, म्हणजे साधारण 24 मीटर झाला की उताराची मर्यादा सुटते. ही तडजोड मला पटते, कारण 60 मीटरच्या हट्टापायी काहीच न बांधण्यापेक्षा 24 मीटरचा पूल कधीही चांगला.

पाँटूनला खर्च आहे, साखळ्या गंजतात, वादळाचं भय असतं, हे मान्य. मग जिथे तो जमत नाही तिथे निदान कठडा शेवटच्या पायरीपर्यंत न्या, पायऱ्यांवरचं शेवाळ नियमित खरवडा, वेगवेगळ्या उंचीवर उतरायचे टप्पे ठेवा आणि तिकीट देतानाच सांगा की पोचाल तेव्हा ओहोटी असेल. आराखडा मंजूर करणाऱ्यांनीही पाहणीला यावं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, ओहोटीला पाणी पार मागे हटलेलं असताना, आणि बोटीतूनच उतरावं.