फॉरमॅट मारण्याआधी पडद्यावरचे वाचा

घरातला संगणक बिघडला की मदतीला धावणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नसते. शेजारचा अभियांत्रिकीला शिकणारा मुलगा येतो, पुण्याला नोकरीला असलेला भाचा फोनवरून सूचना देतो, मोंढ्याच्या बाजूच्या दुकानातला तंत्रज्ञ गाडीवरून येऊन जातो, आणि या सगळ्यांचे निदान यंत्र सुरू करून बघण्याआधीच ठरलेले असते: "फॉरमॅट मारावं लागतंय." म्हणजे डिस्कवरचे पुसून विंडोज नव्याने टाकायचे. संगणक हळू चालतो, फॉरमॅट मारा. प्रिंटर सापडत नाही, फॉरमॅट मारा. आवाज येत नाही, तरी फॉरमॅटच मारा. या उत्तराची मला मनस्वी चीड आहे. बैल लंगडू लागला तर शेतकरी आधी खूर उचलून काटा मोडला आहे का ते बघतो. कोणी त्याला थेट बाजाराची वाट दाखवत नाही. एवढी साधी रीत यंत्राच्या बाबतीत पाळायला या लोकांना काय होते, हे मला अजून कळलेले नाही.

माझे चुलते परभणी जिल्ह्यातल्या सेलूला राहतात. शिक्षकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवायला सुरुवात केली. ते त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत, घरी येऊन ऐकत आणि संगणकावर एका बोटाने टंकलिखित करीत. कोणत्या गावात, कोणी, कोणत्या प्रसंगी म्हटलेली ओवी आहे, याची नोंद प्रत्येक ओवीखाली असे. मोबाइल भरला की मुद्रणे संगणकावर घेऊन ते मोबाइल रिकामा करीत. हे सगळे काम गेले, आणि ते एका बटणाएवढ्या सेलपायी गेले.

झाले असे की एके दिवशी त्यांच्या संगणकावर एकही संकेतस्थळ उघडेना. घड्याळ मागे असल्याने सुरक्षित जोडणी करता येत नाही, असे ब्राउझर दाखवत होता. चुलत्यांनी तो संदेश शब्दशः वहीच्या पानावर उतरवून घेतला आणि तारीख-वेळ घालून ते पान तंत्रज्ञापुढे धरले. त्याने ते हातातही घेतले नाही. "काका, व्हायरस बसलाय, फॉरमॅट मारल्याबिगर जमत नाही, पण काळजी करू नका, डी मधलं काई जात नाही," असे म्हणून त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि कामाला सुरुवात केली.

आता खरा बिघाड काय होता ते सांगतो, कारण तो कोणत्याही दुकानात रोज येणारा बिघाड आहे. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पट्टीवर, सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो आणि वीज नसताना संगणकाचे घड्याळ त्या सेलवर चालते. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेवर जाऊन थांबते. डेस्कटॉपला भिंतीतली वीज मिळत राहिली तर हा दोष लवकर लक्षात येत नाही, पण आपल्याकडे रात्री बोर्डाचे बटण बंद करण्याची सवय आहे आणि वीज जाण्याचे तर विचारूच नका. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. यंत्राची तारीख त्या मुदतीच्या बाहेर गेली की ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो. म्हणजे यंत्र स्वतःचे दुखणे स्वतः सांगत होते, स्वच्छ अक्षरांत सांगत होते, आणि एका वृद्ध शिक्षकाने ते कागदावर लिहूनही दिले होते. पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे एक नजर टाकली असती तरी पुरे होते. सेल ५० रुपयांच्या आसपास मिळतो.

फॉरमॅट मारून तो पैसे घेऊन गेला. रात्री बटण बंद झाले, सकाळी घड्याळ पुन्हा मागे गेले आणि तोच संदेश पुन्हा पडद्यावर आला. बिघाड जिथल्या तिथे राहिला होता, ओव्या मात्र गेल्या होत्या.

"डी मधलं काही जात नाही" हे वाक्य ऐकले की आता माझे डोके फिरते. विंडोजमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर, कोणी मुद्दाम हलवले नसतील तर, सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि फॉरमॅटमध्ये पुसला जातो तो डिस्कचा हाच भाग. घरातला सामान्य माणूस आपले सगळे काम डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो, कारण ते समोर दिसते. डी ड्राइव्ह बहुतेकांचा रिकामा असतो, नाहीतर त्यात लग्नाची चित्रफीत पडलेली असते. हे तंत्रज्ञाला ठाऊक नसते असे नाही. त्याला ठाऊक असते आणि तरीही तो विचारत नाही, कारण विचारले तर प्रत काढावी लागेल, त्यात तास-दोन तास जातील आणि पुढचे गिऱ्हाईक थांबलेले असेल.

यापुढचा प्रकार तर त्याहून संतापजनक आहे. विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कवर जे फॉरमॅट होते ते झटपट प्रकारचे असते. त्यात फाइली कुठे आहेत याची नोंद पुसली जाते, पण त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ माहिती चकतीवर तशीच असते. म्हणजे त्या क्षणी संगणक बंद करून डिस्क बाजूला काढली असती तर पुष्कळ काही परत मिळण्याजोगे होते. इथे तिच्यावर आधी नवे विंडोज चढले, मग चोरीचे ऑफिस चढले. चुलत्यांनी रडकुंडीला येऊन फोन केल्यावर याच माणसाने फाइली परत आणण्याचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून तिथेच बसवले. हरवलेली माहिती ज्या डिस्कवर आहे तिच्यावर काहीही लिहायचे नसते, हा या कामातला पहिला नियम आहे. तो ज्याला माहीत नाही त्याने दुकानाच्या पाटीवर "डेटा रिकव्हरी" लिहू नये.

आणि त्या चोरीच्या ऑफिसचेही सांगितले पाहिजे. ते सक्रिय करण्यासाठी जो अॅक्टिव्हेटर चालवतात तो विंडोजच्या संरक्षणाला धोकादायक वाटतो, म्हणून हे लोक विंडोज डिफेंडर सरळ बंद करतात आणि तसाच बंद ठेवून निघून जातात. ज्या संगणकावर पेन्शनचे खाते उघडले जाते, महाडीबीटीचा अर्ज भरला जातो, त्या संगणकाचे दार असे सताड उघडे ठेवले जाते आणि घरमालकाला त्याची कल्पनाही दिली जात नाही. व्हायरस बसलाय म्हणून आलेला माणूस जाताना व्हायरसला वाट करून देऊन जातो.

फोनवरून मदत करणारे आप्त हेतूने चांगले असतात, हे मला मान्य आहे. पण तेही ऐकून घेत नाहीत. "मामा, बंद करून चालू करा," एवढे सांगून भाचा मोकळा होतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सुरू करताना तोच परत उचलला जातो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखे एखादे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, बंद-चालू करूनही अडकलेलाच राहू शकतो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते. भाच्याने हे एक वाक्य नीट सांगितले असते तर मामा दिवसभर बटण दाबत बसले नसते. मामांना "तुम्हाला काई समजत नाही" म्हणणे मात्र त्याला बरोबर जमते. अशी बोलणी ऐकून माणसे घरच्यांना विचारायचे सोडतात, गूगलवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतात, आणि तिथे भामटा बसलेला असतो, जो अतिशय गोड बोलून दुरून संगणकाचा ताबा देणारे एनीडेस्क उतरवायला सांगतो आणि खाते रिकामे करतो. तसे घडलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. पण वृद्ध माणसाला तिथपर्यंत ढकलण्यात घरच्यांच्या तुसड्या उत्तरांचा वाटा आहे, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

मे महिन्यात परभणीत दुपारी बाहेर उभे राहवत नाही. त्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि तंतूंचा जाड थर बसलेला संगणक हळू चालेल नाहीतर काय होईल? प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःची गती स्वतःच कमी करतो. त्याला ब्रश, हवेचा झोत आणि थर्मल पेस्ट हवी असते. फॉरमॅटने धूळ निघत नाही. वीज वरखाली होऊन कमजोर झालेला पॉवर सप्लाय फॉरमॅटने दुरुस्त होत नाही. तरीही मारतात, आणि पुन्हा हळू झाला की "आता नवाच घ्या" म्हणतात. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हे खरे आहे, आणि त्या निमित्ताने गिऱ्हाइकाला घाबरवणे सोपे झाले आहे. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही म्हणून विंडोज ११ चालणार नाही असे ठोकून देण्याआधी ती बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसती बंद ठेवलेली आहे का, हे कितीजण बघतात? जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क बसवली तर हाच संगणक किती पळेल, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतो?

माझे मागणे फार मोठे नाही. यंत्राला हात लावण्याआधी बिघाड कधीपासून आहे, त्याच्या आधी काय नवे टाकले किंवा जोडले, पडद्यावर नेमके काय उमटते, हे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. गिऱ्हाइकाने कागद दाखवला तर तो वाचा. फॉरमॅट खरोखरच अटळ असेल तर आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उघडून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर प्रत काढा, आणि काय केले ते पावतीवर लिहून द्या. त्या तंत्रज्ञाने चुलत्यांना दिलेल्या पावतीवर "सर्व्हिसिंग" एवढाच शब्द आहे. ज्या बायांनी त्या ओव्या म्हटल्या त्यांतल्या कित्येकजणी आता हयात नाहीत, तेव्हा पुन्हा जाऊन ध्वनिमुद्रण करा असे चुलत्यांना सांगण्याची सोयही उरलेली नाही, आणि हे त्या दुकानात जाऊन मी सांगितले तेव्हा मला उत्तर मिळाले, "बॅकअप तुम्ही घ्यायचा असतो."