नुसतं पडून राहायचं

समुद्रकिनाऱ्यावर दिवसभर नुसतं पडून राहायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या घरात आत्या नसणार. आमच्या घरात आहेत. नवऱ्याच्या आत्या. साताऱ्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, अजिंक्यतारा चढून आल्याशिवाय सकाळचा चहा न घेणाऱ्या. ग्रीसमधल्या क्रीट बेटाच्या सहलीत त्या बरोबर होत्या आणि मी त्यांना तिथल्या बालोस किनाऱ्याचा फोटो दाखवला. फिकट हिरवं पाणी, पांढरी वाळू, पलीकडे निळा समुद्र. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो निरखला.

"छान आहे गं. पण तिथे करायचं काय?"

"काही नाही आत्या. तिथे काहीच करायचं नसतं."

"अख्खा दिवस?"

बालोसला जायचे मार्ग दोन. एक कालिविआनी गावापुढचा आठेक किलोमीटरचा कच्चा रस्ता, आणि तो संपला की डोंगर पायी उतरायचा. परत येताना तोच डोंगर भर उन्हात चढायचा. दुसरा मार्ग किसामोस बंदरातून जहाजानं. नवऱ्यानं भाड्याच्या गाडीचा करार बारकाईनं वाचला. कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही, या एका ओळीनं आमचा मार्ग ठरला. हान्या शहरापासून किसामोस सुमारे 40 किलोमीटर. सकाळी धावतपळत पोचलो तर धक्क्यावर काहीशे माणसं आमच्या आधी उभी.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात नवऱ्याची हयात गेली. पण युरोपातली माणसं अख्खा टॉवेल टाकतात. वरच्या डेकवरची सावलीतली सगळी बाकं टॉवेलांनी व्यापलेली होती आणि टॉवेलांचे मालक खाली निवांत कॉफी पीत होते. आम्हाला जागा मिळाली ती इंजिनाच्या धुराड्यामागे.

"भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लहानपणापासून जातोय, मला काही होत नाही," असं नवऱ्यानं निघतानाच जाहीर केलं. किसामोसचं आखात रोडोपू आणि ग्राम्वुसा या दोन द्वीपकल्पांच्या मधे आहे आणि त्याचं तोंड थेट उत्तरेला. उन्हाळ्यात उत्तरेकडूनच मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. म्हणजे त्याला अडवायला मधे कुणीच नाही. टोकाला वळसा घालताना जहाज असं काही डोलू लागलं की कॅन्टीनमधले कप एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूला पोचले. नवऱ्याचा चेहरा बालोसच्या फोटोतल्या पाण्याच्या रंगाचा झाला. कर्मचारी सराईतपणे कागदी पिशव्या वाटत फिरत होता आणि त्याच्या मागोमाग आत्या आलेपाकाचा डबा घेऊन. धिप्पाड, उघड्या अंगाच्या एका गृहस्थांनी काही न विचारता वडी तोंडात टाकली, डोळे विस्फारले आणि दुसरी मागितली. पुढच्या रांगेतून हात यायला लागले. डबा संपला तेव्हा लाउडस्पीकरवर एकेका भाषेत सूचना सुरू झाल्या होत्या: बेट आलं, अमुक वाजता परत या, जहाज थांबणार नाही.

बालोसच्या आधीच्या या बेटाचं नाव इमेरी ग्राम्वुसा. वर 137 मीटरवर किल्ला. किल्ला म्हटल्याबरोबर आत्यांनी साडी खोचली, कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या करकचून बांधल्या आणि खालच्या सुंदर किनाऱ्याकडे ढुंकूनही न बघता चढायला लागल्या. वाट दगडाधोंड्यांची, सावलीचं नाव नाही, अर्धे लोक चपला घालून आलेले. पहिल्या वळणावर लेक बसली, दुसऱ्यावर मी. आत्या वरून हाका मारत होत्या, "पाणी घोटघोट प्या, एकदम नको!" आणि ही सूचना समजल्यासारखे दोन परदेशी तरुणही घोटघोट पिऊ लागले.

वर मात्र आमच्या कुटुंबाला सूर सापडला. व्हेनिसवाल्यांनी हा किल्ला 1579 ते 1584 मधे बांधला. 1669 मधे क्रीट तुर्कांच्या ताब्यात गेलं तरी सूदा, स्पिनालोंगा आणि ग्राम्वुसा हे तीन सागरी किल्ले व्हेनिसवाल्यांनी सोडले नाहीत. मग हा गेला कसा? तर वीस-बावीस वर्षांनी आतल्याच एका कप्तानानं लाच खाऊन तुर्कांना देऊन टाकला. नवऱ्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा आत्यांनी "फितुरी!" म्हणून असा सुस्कारा सोडला की जणू घरातलंच कुणी गेलं. पुढे 1825 मधे क्रीटच्या बंडखोरांनी किल्ला परत घेतला, पण इथे अडकून पडल्यावर खायचं काय, म्हणून त्यांनी येणारी-जाणारी जहाजं लुटायला सुरुवात केली. आणि इथेच त्यांनी चर्च बांधलं नि शाळाही काढली.

"चाच्यांनी शाळा काढली?" मुख्याध्यापिका थबकल्या.

"हो ना आत्या."

"आपल्याकडे आधी शाळा काढतात," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बुरुजाकडे गेल्या.

1828 मधे ब्रिटिश नि फ्रेंच आरमारानं येऊन चाच्यांचा बंदोबस्त केला. त्या मोहिमेत 'कॅम्ब्रियन' ही ब्रिटिश युद्धनौका आपल्याच 'आयसिस'ला धडकून इथे बुडाली. हे ऐकून नवऱ्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. खाली किनाऱ्याजवळ 1967 मधे वादळात सापडलेल्या एका मालवाहू जहाजाचा गंजका सांगाडा अजून पडलेला आहे. परतीच्या जहाजात बसायच्या आधी त्याच्याकडे फार वेळ पाहू नये.

मग बालोस. फोटोत दिसतं तसंच, फोटो खोटं बोलत नाही. शिंपल्यांच्या चुऱ्यानं काही ठिकाणी वाळू खरोखर गुलाबी दिसते. पाणी गुडघाभर, शेदीडशे पावलं चाललं तरी गुडघाभरच. पोहायचं म्हटलं तर पोट वाळूला घासतं. फोटोत फक्त वारा दिसत नाही. जहाजावरून भाड्यानं घेतलेली छत्री आम्ही चौघांनी मिळून रोवली, आणि हातरुमालाएवढ्या त्या सावलीत आळीपाळीनं एकेक अवयव ठेवला.

आता पडून राहायचं होतं. नवरा डोळे मिटून दर दोन मिनिटांनी "किती वाजले?" विचारत होता. मी उताणी पडले की बाजारातून लसूण आणायची राहिली हे आठवायचं, पालथी पडले की गॅसचं बुकिंग. आजूबाजूची माणसं तासन्‌तास निश्चल होती. ही साधना आहे, लहानपणापासून करून घेतली पाहिजे. आपल्याकडे मूल जरा पडलं की "आळशासारखा लोळतोस काय?" म्हणून उठवतात, त्यातून असे आम्ही तयार होतो.

आत्या टॉवेलवर मांडी घालून ताठ बसल्या आणि त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पुडकं सोडलं. पुरीच्या वासानं की आणखी कशानं, कोण जाणे, पण मागून एक बोकड आला. इथे शेळ्या मोकळ्या फिरतात. त्यानं पिवळ्या डोळ्यांनी आत्यांकडे पाहिलं, आत्यांनी चष्म्यातून त्याच्याकडे. "हाड!" त्या म्हणाल्या. तो ग्रीक बोकड. त्यानं शांतपणे एक पुरी उचलली, चावली, ओवा लागला तसा थांबला, मान हलवली आणि पुढच्या क्षणी पुडकं कागदासकट घेऊन पसार झाला. काही न करायला आलेलं आमचं कुटुंब त्याच्यामागे वाळूतून धावत सुटलं. लेकीनं त्याचं चित्रीकरण केलं. दिवसातला तेवढा एकच अर्धा तास कुणी घड्याळ पाहिलं नाही.

जहाजाचा भोंगा झाला. लाउडस्पीकर पुन्हा एकेका भाषेत सांगू लागला: बालोस संरक्षित आहे, इथली वाळू, शिंपले नेण्यास मनाई. सगळ्यांनी ऐकून सोडून दिलं. आत्या मात्र शिडीच्या तोंडाशीच थांबल्या. नऊवार नसली तरी सहा वार साडीत पुष्कळ वाळू मावते. त्यांनी एकेक निरी सोडवून झटकायला घेतली, मग पदर, मग बूट काढून ते. मागे रांग तुंबली. कर्मचारी घड्याळावर बोट ठेवून काहीतरी सांगत होता.

"नियम तुमचाच आहे ना?" आत्यांनी त्याला शुद्ध मराठीत विचारलं.

तेवढ्यात मागच्या आलेपाकवाल्या गृहस्थांनीही आपला भलामोठा टॉवेल उलगडला आणि भर वाऱ्यात जोरानं झटकला. सगळी वाळू नवऱ्याच्या तोंडावर.