‘गिलावा मारा, पंचवीस वर्षं बघायला नको’: देवळांबद्दल फिरणाऱ्या एका निरोपाला उत्तर

श्रावण जवळ आला की ठाणे-नवी मुंबईतल्या गावठाणांच्या ग्रुपवर एक निरोप फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: दगडी देऊळ हजार वर्षं टिकतं, देखभालीवर पैसे कशाला? गळलंच तर सिमेंटचा गिलावा मारा, वरून ऑइलपेंट द्या, पंचवीस वर्षं बघायला नको. पुरातत्त्ववाले खिळाही ठोकू देत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका. सगळ्यात उत्तम म्हणजे जुनं पाडून आरसीसीत बांधा, जीर्णोद्धार हीच आपली परंपरा. यंदा हा निरोप मला चार जणांनी पाठवला. त्यातल्या एकाने खाली आमच्याच गावदेवीच्या देवळाचा फोटो जोडला होता, म्हणून हे लिहिते आहे.

‘हजार वर्षं टिकतं’ याला दाखला अंबरनाथच्या शिवमंदिराचा दिला जातो. तिथल्या शिलालेखावर शके 982 आहे, म्हणजे इ.स. 1060, शिलाहार राजांचा काळ. पण गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जा आणि मान वर करा. आभाळ दिसतं. शिखराचा वरचा भाग आज तिथे नाही. ठाण्यात मासुंदा तळ्याकाठचा कौपिनेश्वर बघा. शिलाहारांपासूनचं हे स्थान, पण पेशवाईत, 1760 च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांना ते नव्याने बांधावं लागलं आणि 1879 मध्ये ठाणेकरांनी वर्गणी काढून पुन्हा दुरुस्त केलं. ही देवळं आपोआप उभी नाहीत. कुणीतरी दर पिढीला खिशात हात घातला.

आता सिमेंट. इथे निरोप नुसता चुकीचा नाही, तो देवळं मारतो.

माझे आजोबा चुन्याचं काम करणारे गवंडी. कळीचा चुना पाणी घालून विरवायचा, खड्ड्यात मुरवायचा, मग दगडी चाकाच्या घाणीवर वाळू आणि सुरखीबरोबर, म्हणजे विटांच्या भुकटीबरोबर, मळायचा. या चुन्यातून ओल आत-बाहेर करते. जुनी भिंत म्हणजे बाहेरून दोन अंगांना घडीव दगड आणि मध्ये डबर व चुन्याची भर. आपल्याकडचा काळा दगड स्वतः पाणी फारसं पीत नाही, पण दगडांमधल्या दरजांतून, म्हणजे सांध्यांतून, आणि पायातून पाणी मधल्या भरीत जातंच. ठाण्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा ते कुणाला चुकलं आहे? चुन्याची दरज असेल तर पावसाळा सरल्यावर ते पाणी तिथूनच वाळून निघून जातं. त्या दरजेवर सिमेंट दाबलं की बाहेर पडायची वाट बंद होते, आत यायची मात्र होत नाही. सिमेंटला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी शिरतं आणि आत कोंडतं. मधली भर भुसभुशीत होते, भिंत पोट काढते. बाहेरून गिलावा टकाटक दिसत असतो.

आमच्या देवळात हेच झालं. बारा वर्षांपूर्वी भिंतींना गिलावा केला आणि गाभाऱ्यात चकचकीत लाद्या बसवल्या. आधी शेणाने सारवलेल्या जमिनीतून जी ओल उडून जायची, ती लाद्यांखाली अडली आणि भिंतीत चढली. तिसऱ्या पावसाळ्यात गुडघाभर उंचीपर्यंत पांढरा खार फुटला. ट्रस्टने त्यावर आणखी एक गिलावा दिला, तर खार कमरेपर्यंत गेला. ज्यांनी हे केलं त्यांनी भक्तीनेच केलं, पैसेही स्वतःचे घातले. म्हणूनच वाईट वाटतं.

ऑइलपेंटचं वेगळं काय सांगू? तोही भिंतीला प्लास्टिकच गुंडाळतो. शिवाय थरावर थर चढून मूर्तीची बोटं, दागिन्यांची कोर सगळं बुजतं. मग कुणीतरी वाळूचा मारा करून रंग काढतो आणि रंगासोबत कोरीव कामाची धारही जाते. ती परत येत नाही.

‘खिळाही ठोकू देत नाहीत’ ही तक्रार अर्धवट माहितीतून येते. केंद्राचा 1958 चा कायदा आणि राज्याचा 1960 चा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंना लागू होतो. केंद्र-संरक्षित वास्तूभोवती 100 मीटर निषिद्ध आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, हे 1992 च्या अधिसूचनेने आलं आणि 2010 च्या दुरुस्तीने थेट कायद्यात गेलं, पण तिथेही जुन्या घरांची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. अंबरनाथचं देऊळ केंद्राकडे आहे. तिथली पूजा थांबली का? महाशिवरात्रीची गर्दी जाऊन बघा. आणि आमच्यासारखी बहुतेक गावदेवीची देवळं कुठल्याच यादीत नाहीत. तिथे हात धरायला कुणी नाही, हीच खरी काळजीची गोष्ट आहे.

आरसीसी चिरंतन मानणाऱ्यांनी वाशीच्या जुन्या वसाहतींतून एक फेरी मारावी. चाळीस वर्षांत स्लॅबचे पोपडे पडून आतल्या गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या. खाडीची खारी हवा सळईपर्यंत पोचते. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि काँक्रीट फोडतं. ज्या पोर्टलँड सिमेंटवर एवढा विश्वास, त्याचं पेटंटच 1824 चं. अंबरनाथ त्याहून 764 वर्षांनी थोरलं.

आणि परंपरा? जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाचा उद्धार. अहिल्याबाईंनी काशीला नवं देऊळ बांधलं, कारण मूळचं पाडलं गेलं होतं. उभं असलेलं, लोक रोज घंटा वाजवतात असं देऊळ पाडायला त्यांचं नाव वापरू नये.

आमच्या देवळापुरतं सांगते. वैशाखातच कौलं फेरली, पन्हाळी साफ केल्या, भिंतीच्या पायाशी साचणारं पाणी चर खणून वळवलं. शिखरावर पिंपळाचं बोटभर रोप होतं, ते मुळासकट काढलं. नुसतं वरून छाटलं तर मूळ आत जाडच होत जातं. एवढ्याला चार माणसं आणि दोन दिवस लागले. पावसाळा उघडला की उत्तरेच्या भिंतीवरचा गिलावा छिन्नीने, हलक्या हाताने उतरवायचा आणि दरजा पुन्हा चुन्याने भरायच्या आहेत. त्यासाठीचा चुना गेल्या रविवारी मागच्या अंगणातल्या खड्ड्यात विरवला. वर गोणपाट घातलं आहे आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका म्हणून आयांना सांगून ठेवलं आहे.