पेशवे पार्कचे प्राणी कात्रजला आहेत आणि फुलराणी जागेवर आहे

‘पेशव्यांच्या काळापासून चालत आलेलं पेशवे पार्क बंद पाडलं, प्राणी कुठे गायब केले कुणालाच माहीत नाही, फुलराणी भंगारात गेली, आता पुण्यातल्या पोरांना मॉलशिवाय जागाच उरली नाही.’ (फुलराणी म्हणजे पार्कातली मुलांची छोटी आगगाडी.) हा मेसेज या आठवड्यात मला तिघांनी पाठवला. त्यात माझी सख्खी आत्याही आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी ‘पेशव्यांच्या काळापासून’. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता, हे खरं. पण पेशवाई 1818 साली गेली आणि पेशवे पार्क महापालिकेनं सुरू केलं 1953 साली. मधल्या सव्वाशेहून जास्त वर्षांचं काय? खरं पेशवेकालीन आहे ते शेजारी, सारसबागेत. नानासाहेबांनी तळं करवून घेतलं, त्यातल्या बेटावर 1784 मध्ये सवाई माधवरावांनी गणपती बसवला. तळं गेलं, तरी पुणेकर अजून ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. हळहळायचंच असेल तर त्या तळ्यासाठी हळहळा, मीही तुमच्यासोबत आहे.

आता प्राणी. लहानपणी आईचा हात धरून मी त्या पिंजऱ्यांसमोर उभा राहिलो आहे. गंजलेले गज, खाली नुसतं सिमेंट, नाकात बसणारा उग्र वास, आणि तो बिबट्या. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, पुन्हा वळायचं. बाहेरून लोक खारे दाणे मारायचे. तेव्हा मीही हसलो होतो. आज आठवलं की पोटात कालवतं.

ती सगळी जागा होती सुमारे 7 एकर. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय 130 एकरांचं आहे, त्यात 42 एकरांचा तलाव धरून. 1986 पासून तिथं सर्पोद्यान होतं, 1999 मध्ये प्राणिसंग्रहालय लोकांसाठी उघडलं, आणि टप्प्याटप्प्यानं पेशवे पार्कातले प्राणी तिकडे नेऊन 2005 मध्ये इथले पिंजरे कायमचे रिकामे केले. याला गायब करणं म्हणत नाहीत. मुक्या जनावरांसाठी या शहरानं उशिरा का होईना, केलेलं हे चांगलं काम आहे, आणि त्यालाच गुन्हा ठरवलेलं वाचून मला वाईट वाटतं.

फुलराणी 8 एप्रिल 1956 ला सुरू झाली. दुरुस्तीसाठी ती अधूनमधून बंद असते, तेवढ्यावरून कुणीतरी ‘भंगार’ लिहून टाकलं असावं. गेल्या सुट्टीत भाच्याला घेऊन गेलो होतो. गुडघे छातीशी घेऊन मी त्या इवल्याशा डब्यात बसलो, आणि गाडी हलताच पुढच्या बाकावरच्या आजी नातवाच्या आधी ओरडल्या.

मॉलशिवाय जागा नाही म्हणणाऱ्यांनी एकदा एम्प्रेस गार्डनला जावं. 39 एकर, आणि कवेत न मावणारी झाडं. संभाजी बागही जागेवरच आहे.

आत्या, मेसेजमधली एक गोष्ट मला पटते: आपल्या लहानपणीचं पेशवे पार्क आता नाही. हत्ती नाही, वाघाची डरकाळी नाही. भाच्यानं विचारलं, ‘मामा, वाघ कुठे राहायचा?’ मी जागा दाखवली. तो म्हणाला, ‘एवढ्यात?’